जमुनाची बोहणी

बेबीताईंच्या सवयी मी तीन वर्षं पाहते आहे. त्या अशा.

कन्सोलचा रिमोट हातात घेण्याआधी त्या चपला काढतात.

खेळातलं शहर पडद्यावर यायला वेळ लागतो. तेवढ्यात त्यांची मेथीची एक जुडी निवडून होते. एप्रिल-मेमध्ये दोन होतात.

त्या लाल दिव्याला थांबतात. खेळात. वरून उडत्या गाड्या जात असतात, बाजूला कुणीतरी कुणावर गोळ्या झाडत असतं, आणि बेबीताईंचा लोखंडी हाताचा, टकलावर गोंदलेला माणूस दिवा हिरवा व्हायची वाट पाहत उभा असतो.

रस्त्यात कुणाला धक्का लागला तर "सरका बापा" म्हणतात. समोरचा इंग्रजीत शिवी देतो. त्यावर "हाव हाव" म्हणतात.

त्या टकल्या माणसाच्या डोक्यात एक चिप आहे. ती त्याला थोड्याच दिवसांत मारणार आहे. म्हणून त्याला खेळात सारखे फोन येतात, ताबडतोब निघून ये. बेबीताई फोन घेत नाहीत. "कामात आहे," असं पडद्याला सांगतात.

कन्सोलखाली गोणपाट असतं. ओलं. पालेभाजीखाली असतं तसंच.

आणि सकाळी तीन गिऱ्हाइकं होऊन गेल्याशिवाय त्या मला भाजी विकत नाहीत. मी त्यांच्याकडे राहायला आले त्या आठवड्यात हौसेने सर्वात आधी जाऊन मेथी घेतली होती, म्हणजे दिवसाची पहिली विक्री माझ्या हातची. त्या दिवशी दुपारपर्यंत दुसरं माणूस फिरकलं नाही. अकरा वाजता एक गाय आली आणि तिने उरलेल्या मेथीत तोंड घातलं. "तुह्या हातची बोहणी नको वं," बेबीताई तेव्हा म्हणाल्या. रागाने नव्हे, नोंद केल्यासारख्या. ते अजून लागू आहे.

बेबीताई बावन्न वर्षांच्या आहेत. अमरावतीला इतवारा बाजारात पालेभाजी विकतात. माहेर शेंदूरजनाघाटचं. तिथे भाऊ नत्थुजी संत्र्याची बाग सांभाळतो. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. एकुलता मुलगा कुंदन पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा त्याने आपला जुना कन्सोल घरी ठेवला आणि आईला बजावलं, याच्यावर धूळ बसू देऊ नको. बेबीताई रोज दुपारी धूळ पुसत. एकदा पुसता पुसता तो सुरू झाला.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. नाव माधवी. घर अकोल्याला, जुन्या शहरात. इथे विद्यापीठात मराठीत एम.ए. केलं. आता पुढच्या परीक्षेची तयारी करते, असं घरी सांगितलं आहे.

पहिल्यांदा पाहिलं ती दुपार होती. मी पाणी भरायला खाली आले. बेबीताई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर टीव्ही. टीव्हीत एक माणूस हवेत बसून रस्त्यावरून चालला होता. दोन्ही हात पुढे, ढुंगणाखाली काही नाही.

"ताई, हा असा काय जातोय?"

"गाडीत आहे ना तो."

"गाडी कुठे आहे?"

"येईन मागून," बेबीताई म्हणाल्या.

गाडी खरंच आली. माणूस पुढच्या चौकात पोचल्यावर त्याच्याभोवती बसली.

हा खेळ नव्या कन्सोलसाठी केलेला आहे, हे मला नंतर कळलं. शंभर वर्षांनंतरचं एक शहर. त्यात कुठेही जा, काहीही करा. जुन्या कन्सोलवर तो चालतो, पण शहर एकदम येत नाही. तुकड्या-तुकड्याने येतं. झाडं आधी पुठ्ठ्याची असतात. भिंत आपण धडकल्यावर दिसते. माणसांचे डोळे आणि दात आधी येतात, चेहरा मागून. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बादली खाली ठेवली.

"घाई असन त्याले," बेबीताई एवढंच म्हणाल्या.

त्यांना त्या शहरात फार ठिकाणी जायचं नव्हतं. त्यांना बाजार पाहायचा होता. बाजार सापडायला चार महिने लागले, कारण त्या गाडी चोरत नव्हत्या आणि चालत जात होत्या. पुलापलीकडे एका बोळात तो होता. दिव्यांच्या पाट्या, धूर, पाऊस. आठ-दहा हातगाड्या. शेवटच्या गाडीमागे एक बाई होती. केस निळे, कानात मोठ्या बाळ्या. कमरेपर्यंत फरशीत रुतलेली.

गाडीवर हिरवं, चमकणारं काहीतरी होतं. बेबीताईंच्या मते तो सांबार होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आजूबाजूच्या सगळ्या दुकानांपाशी गेलं की खरेदीचं बटण यायचं. या बाईपाशी येत नव्हतं. ती फरशीतून वर पाहायची आणि दर मिनिटाला एकच वाक्य म्हणायची. इंग्रजीत. ताजं आहे, या.

बेबीताईंनी तिचं नाव जमुना ठेवलं.

"ही इथंच बसते का?" मी विचारलं.

"बसते कुठं? रुतली आहे ना ते."

"मग?"

"मंग काय. दुकान मांडून बसली बाई, आन् बोहणी नाई झाली. एक गिऱ्हाईक नाई." त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "मी इतवाऱ्यात पयल्या दिवशी बसली तवा दुपारपर्यंत कोनी आलं नाई. मंग एक बुढी आली. पाच रुपयाचा सांबार घेतला तिनं. तिले नोता पाहिजे, तिच्या पिशवीत दिसून राह्यला होता. तरी घेतला."

मग त्यांनी टकल्या माणसाला जमुनाच्या बाजूला उभं केलं आणि मेथी निवडत बसल्या.

तेव्हापासून हे काम सुरू आहे. जमुनाला वर काढायचं आणि तिची बोहणी करायची. टकल्याच्या डोक्यातली चिप तशीच आहे.

कन्सोलची दुरुस्ती अकोल्याला होते. आमच्या गल्लीत धर्मपाल आहे, मोर्णा नदीच्या पुलाकडे जाताना डाव्या हाताला. मिक्सर, मोबाइल, इस्त्री, सगळं उघडतो. मी घरी निघाले होते. बेबीताईंनी कन्सोल संत्र्याच्या लाकडी पेटीत घातला, वरखाली गवत भरलं, सुतळीने बांधला आणि माझ्या हाती दिला. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, नागपुरी आहेत का. मी हो म्हणाले.

धर्मपालने पेटी उघडली. आधी वास घेतला.

"हे काय पाठवलं वं कोनी?"

मी सगळं सांगितलं. त्याने कन्सोल उघडून आतली धूळ काढली. गोणपाटाचे धागे काढले. मेथीचं एक वाळलेलं पान चिमट्याने काढून काउंटरवर ठेवलं. मग टीव्हीला जोडला आणि जमुना पाहिली. बराच वेळ पाहिली. बाजूच्या चहावाल्याला बोलावलं. त्यानेही पाहिली.

"असं होत नाई," धर्मपाल म्हणाला. "बंद करून चालू केलं का मानसं नवी येतात."

"ही दर वेळी रुतलेलीच येते."

"मंग गोष्टच वेगळी आहे." त्याने पेन घेतलं आणि बिलाच्या मागे गाडी काढली, बाई काढली. "या डब्ब्याच्या बापाच्यानं हा खेळ होत नाई. नव्यासाठी केला, याच्यात कोंबला. आता जुन्याले दुरुस्तीही पाठवत नाईत ते. ताईले सांग, नवा घ्या. नाई तर गोळी घाला त्या बाईले आन् मोकये व्हा."

अमरावतीला येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. बेबीताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी खालून हाक आली.

"माधवी, इकडे ये. मले समजलं."

त्यांनी टकल्याला कोपऱ्यावर उभं केलं होतं, बोळ जेमतेम दिसेल इतकं लांब. मला बसायला लावलं.

"पाह्य. बाई आधी येते. फरशी मागून येते. बाई येते तवा खाली काईच नसते, म्हनून ते खाली जाते. मंग वरून फरशी येते आन् तिले पकडते."

मी पाहिलं. बरोबर होतं. तीन वेळा पाहिलं, तिन्ही वेळा तसंच.

"म्हणजे फरशी आधी आली पाहिजे," मी म्हणाले.

"हाव. आमच्या इथं बी आधी गोनपाट टाकतो, मंग बसतो."

त्यांनी पद्धत काढली. पुलापासून पायी निघायचं. पळायचं नाही. सगळा वेळ खाली, पायांकडे पाहायचं.

"खाली कशाला?"

"वर पाह्यलं का शहराले वाटते आपल्याले सारंच पाहिजे. मंग ते सारंच आनत बसते. बिल्डिंगा, गाड्या, दिवे. आपल्याले फक्त फरशी पाहिजे. त्याले कळलं पाहिजे आपल्याले काय पाहिजे ते."

पुलापासून जमुनापर्यंत एक तास दहा मिनिटं लागतात. टीव्हीवर तेवढा वेळ फक्त ओला रस्ता आणि टकल्याचे बूट दिसतात. मी समोर पुस्तक घेऊन बसायचे. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मी पुस्तक मिटून बूट पाहते आहे.

मेमध्ये केलं तेव्हा जमुना गळ्यापर्यंत रुतली. फरशीवर नुसतं डोकं आणि बाळ्या. ताजं आहे, या. बाहेर पंचेचाळीस डिग्री होती. कूलर कन्सोलकडे वळवलेला, आम्ही दोघी घामात. बेबीताईंनी ते डोकं पाहिलं आणि आठ दिवस टीव्ही लावला नाही.

पावसाळ्यात छातीपर्यंत. एकदा फरशी तिच्या कमरेखाली राहिली असती, पण मला शिंक आली. बेबीताई दचकल्या, टकल्याने वर पाहिलं, आणि शहराने ताबडतोब पाच बिल्डिंगा आणून उभ्या केल्या.

"काहून शिंकली वं?"

"आली, ताई."

"मंग बाहेर जाऊन शिंकावं ना!"

यंदाच्या आधीच्या थंडीत, डिसेंबरच्या एका दुपारी, ती गुडघ्यापर्यंत वर होती. बटण तरी आलं नाही. पण आम्ही तिचा परकर पाहिला. परकर नव्हे, काहीतरी चामड्याचं होतं. बेबीताई त्याला परकर म्हणतात.

या दिवाळीला कुंदन आला. काखोटीला मोठा खोका. नवा कन्सोल. त्याने सगळं जोडलं, खेळ घातला आणि शहर एका मिनिटात आलं. अख्खं. गाडीसकट माणसं, चेहऱ्यासकट डोळे. बेबीताईंच्या हातातली मेथीची जुडी सोडायची राहून गेली.

कुंदन गाडी चोरून चार मिनिटांत बाजारात पोचला.

"आई, बघ. तुझी जमुना."

ती उभी होती. फरशीवर, पायांवर. पायात पिवळे बूट होते. आम्ही ते कधी पाहिले नव्हते. निळे केस उडत होते. ताजं आहे, या.

बेबीताईंनी चष्मा लावला.

"हे कोन होय?"

"तीच आहे, आई."

"नाई. हे तर उभीच आहे. हिले काय झालं?"

"तेच तर सांगतोय, हिला काहीच झालं नाहीये."

"मंग हिची बोहणी झाली असन."

"कुणीही घेऊ शकतं हिच्याकडून. हे बघ, मीच घेतलं." त्याने बटण दाबलं. टकल्याने एक हिरवी वाटी तोंडाला लावली.

बेबीताई माझ्याकडे वळल्या. "पाह्य. झालीच आहे."

"आई, अगं..."

"ते बिचारी तथी अडकली आहे, आन् मी अथी हिच्यापाशी बसून सांबार घेऊ?"

कुंदन पुण्याचं बोलतो, पण संतापला की घसरतो. "आई, तथी कोनी अडकलेलं नाई! डब्बा बंद केला का तथी काईच नसते! शहरही नसते!"

"तू पुन्याले गेला तवा इथलं घर होतं का नोतं?"

कुंदन उठून चहा करायला गेला. मी भिंतीकडे पाहत होते. मी दोन वर्षं साहित्य शिकले, पेपरही लिहिले. हा प्रश्न मी वर जाऊन वहीत उतरवून घेतला.

कुंदन जाताना नवा कन्सोल ठेवून गेला. बेबीताईंनी तो कपाटावर ठेवला. खोका मजबूत होता, त्यात लसूण ठेवला.

एक डिसेंबरला नत्थुजीचा फोन आला. बागेचं पाणी तोडलं म्हणून सांगत होता. बेबीताईंनी फोन ठेवला, कन्सोलपाशी गेल्या आणि त्याची पिन भिंतीतून काढली. खालचं गोणपाट ओढून उन्हात वाळत टाकलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताण देतो त्याले."

संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, हवा असला तर थंडीत झाडाचं पाणी बंद करतात. महिना, दीड महिना. पानं मलूल होतात, काही गळतात. झाडाला वाटतं आपलं संपलं. मग पाणी सोडलं की ते फुलांनी भरून येतं. याला ताण देणं म्हणतात. कमी पडला तर फूल येत नाही. जास्त झाला तर झाड जातं. कुठे थांबायचं ते पानाकडे पाहून ठरवतात, आणि शेंदूरजनाघाटला ते बेबीताईंइतकं कुणाला कळत नाही, असं खुद्द नत्थुजी म्हणतो.

"ताई, हे यंत्र आहे."

"मंग? थंडीत जमुना गुडघ्यापर्यंत आली का नाई? का आली? डब्बा थकला नोता म्हनून. त्याले अजून आराम पाहिजे. चांगला सुकला पाहिजे आतून."

"पण कळणार कसं किती सुकला? याला कुठे पानं आहेत?"

त्यांनी विचार केला. संध्याकाळच्या भाजीवर पाणी मारता मारता केला. बाजारातून परत आल्यावर उत्तर दिलं.

"रिमोट. त्याची बॅटरी उतरून राह्यली ना आपोआप. त्याची बत्ती लागेनाशी झाली का समज पान सुकलं."

रोज दुपारी जेवण झालं की त्या रिमोटचं मधलं बटण दाबत. निळी बत्ती लागायची. "अजून आहे," म्हणत. मी धर्मपालला फोन केला. वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "आराम द्या, चांगलंच आहे. पन रिमोट मंग चार्जिंग घेते का नाई, सांगता येत नाई." मी हे बेबीताईंना सांगितलं. "झाडाचंही तसंच असते," त्या म्हणाल्या.

डिसेंबरची एकही दुपार मी वर घालवली नाही. खाली यायचे. बंद टीव्हीसमोर आम्ही दोघी मेथी निवडायचो. एकदा मी विचारलं, आता ती कशी असेल. बेबीताईंनी देठ तोडले, पानं टोपलीत टाकली. "वाट पाहून राह्यली असन," म्हणाल्या.

अकरा जानेवारीला बत्ती लागली नाही. चार वेळा दाबलं. बेबीताईंनी नत्थुजीला फोन लावला.

"तुह्या पानाचं काय?"

तिकडून तो काही म्हणाला.

"मंग उद्या सोड. पयलं पानी हलकं दे. एकदम नको देऊ."

बारा तारखेला तिकडे बागेला पाणी सुटलं आणि इकडे कन्सोलची पिन भिंतीत गेली. पहिलं पाणी हलकं. दहा मिनिटं. फक्त कंपनीचं चित्र पाहिलं आणि बंद केला. रिमोटने चार्जिंग घेतलं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. शहर आणलं, दारात उभे राहिलो, कुठे गेलो नाही. मेथीची अर्धीच जुडी झाली तेवढ्यात शहर आलं.

"पाह्यलं?" बेबीताई हळूच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पुलावरून निघालो. मी शिंक येऊ नये म्हणून आधीच नाकात तेल सोडलं होतं. ओला रस्ता, टकल्याचे बूट. खेळातला फोन वाजला, वाजून थांबला. एक तास गेला. बोळाचं तोंड आलं. बेबीताईंचा अंगठा इतका हळू होता की टकला एक पाय उचलून कितीतरी वेळ तसाच राही.

फरशी आली. करड्या, ओल्या लाद्या. रिकाम्या. मी श्वास घेतला नाही.

मग लाद्यांवर पिवळे बूट आले.

बेबीताईंनी हळूहळू वर पाहिलं. परकर, कंबर, हात. वर डोळे आणि दात होते. आम्ही थांबलो. चेहरा आला.

"दिसते चांगली," बेबीताई म्हणाल्या.

पाच मिनिटांनी हातगाडी आली. सांबार आला. आणि त्याच्या बाजूला, तीन वर्षांत पहिल्यांदा, खरेदीचं बटण आलं. चौकोन, आत इंग्रजीत 'घ्या'. मी बेबीताईंचा खांदा धरला होता, हे मला सोडताना कळलं.

"दाबा ना, ताई!"

"आता?" त्यांनी पडद्यावर वर बोट केलं. त्या शहरात आभाळ नारिंगी झालं होतं. पाट्यांचे दिवे लागत होते. "दिवे लागून राह्यले, पाह्य. संध्याकायी कोनी बोहणी करते का?"

"तीन वर्षांनी वर आली आहे ती!"

"म्हनूनच. बरोबर झाली पाहिजे. सकाय होऊ दे तिची."

खेळात वेळ पुढे ढकलता येतो. पण ढकलला की शहर पुन्हा नव्याने येतं, आणि पुन्हा आलं की बाई आधी आणि फरशी मागून. तेव्हा खरीखुरी वाट पाहायची. तिथली रात्र सरायला सव्वा तास लागतो. बेबीताईंनी कन्सोलला हात लावून पाहिला. गार होता. घरातल्या इन्व्हर्टरवर फ्रिज होता. त्यांनी फ्रिजची पिन काढली आणि कन्सोलची घातली. आम्ही चहा केला.

पाऊण तासाने नत्थुजीचा फोन आला. पाण्याची मोटार जळली होती. अर्ध्या बागेला पाणी गेलं, अर्धी कोरडी. शेजाऱ्याची मोटार मिळत होती, पण शेजारी म्हणत होता सगळं एकदाच सोडा. नत्थुजीला कळत नव्हतं. त्याचा आवाज मला लांबून ऐकू येत होता.

"सोडू नको," बेबीताई म्हणाल्या. "मी येतो. मी आल्याबिगर कोनाले सोडू देऊ नको."

शेंदूरजनाघाटकडे जाणारी वरुडची बस अर्ध्या तासात होती. त्यांनी पिशवीत एक लुगडं टाकलं, चष्मा टाकला. दारातून परत आल्या. टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. तिथे अजून अंधारच होता. जमुना हातगाडीमागे उभी होती.

"येतोच वं," बेबीताई म्हणाल्या. मला नव्हे. मग मला म्हणाल्या, "टीव्ही बंद कर पाह्यजे तर. डब्बा नको करू. आन् वर पाहू नको."

"चार दिवसांत याल ना?"

"चार दिवस कायले लागतात?"

आज अकरावा दिवस आहे.

धर्मपालने फोनवर सांगून आपोआप बंद व्हायची सेटिंग काढायला लावली. तरी माझा विश्वास नाही. जागी असेन तोवर दर अर्ध्या तासाला टकल्याची मान बोटभर हलवते, खाली, आणि परत जागेवर. फ्रिज बंद आहे. त्यातलं दूध मी पहिल्या दिवशीच पिऊन टाकलं. इतवाऱ्यात बेबीताईंच्या जागेवर गोणपाट घातलेलं आहे. शेजारची भाजीवाली सांभाळते.

कालपासून मला एक विचार येत होता. आज सकाळी नऊला, म्हणजे तिथेही पुन्हा एकदा नुकतंच उजाडलं होतं तेव्हा, मी बेबीताईंना फोन लावला. मागे मोटारीचा आवाज येत होता.

"ताई, सकाळ झाली आहे तिची. बटण आहे. मी घेऊ का?"

"तू? नको. काहून विचारतं? तुह्या हातची नको वं."

"गाय नाहीये तिथे, ताई."

"सांगता येत नाई. मागून येत असन."

मी पडद्यावरचा बोळ पाहून घेतला.

"कुंदनला बोलावू?"

"तो भाव करते."

"धर्मपाल?"

"त्यानं गोळी घाला म्हनलं होतं ना तिले?" मोटार थांबली. तिकडे त्या कुणाला तरी ओरडल्या, त्या ओळीत नको, ते झाडं कालची होत. मग पुन्हा फोनवर आल्या. "कशी आहे ते?"

"उभी आहे."

"इथं फूल लागून राह्यलं. वरच्या अंगाले तीन ओळी राह्यल्या फक्त. आटोपलं का येतो. सांग तिले."

मी फोन ठेवला. तिथे ऊन बोळात आलं होतं. जमुनाने केस मागे केले, ताजं आहे, या, म्हणाली. चौकोनातलं 'घ्या' उघडझाप करत होतं. मी रिमोट मांडीवर घेऊन, चपला काढून, समोर बसले होते.

"ताई येत आहेत," मी तिला म्हणाले. आणि टकल्याची मान बोटभर खाली केली.